सात नंबरचं पाणी

सोमवार, ११ जून २००१. तुये.

पोचलो एकदाचा. दोडामार्गहून म्हापसा, म्हापशाहून पेडणे, आणि पेडण्याहून भाडं मारणाऱ्या पायलटच्या मोटरसायकलवर, ट्रंक मांडीवर घेऊन. ट्रंकेचा कोपरा पोटात घुसून वळ उठलाय, पण जागा बघितली आणि जीव खूश झाला.

निघताना शालिनीने ही वही हातात ठेवली. म्हणाली, तुमची सगळी कटकट हिच्यात लिहा, म्हणजे माणसांना ऐकावी लागणार नाही. बायको माझी, पण बोलते सासूसारखी. तरी तिचं ऐकून लिहायला बसलोय, कारण इथे कटकट ऐकायला दुसरं कोणी नाहीच.

जागा म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या पलीकडचं जुनं काजूचं गोदाम. मालक गोकुळदासशेट, पेडण्याचे. हरमलच्या किनाऱ्यावर थंडीचे महिने काढायला जे गोरे लोक येतात, त्यांतले काही आपल्या देशातून गाडी चालवत इथवर येतात. गाडी म्हणजे घरच. आत बिछाना, चूल, मोरी, सगळं. मे संपला की ते विमानाने घरी पळतात आणि गाड्या पावसाळाभर या गोदामात. आज अकरा आहेत. ऑक्टोबरात ते परत येतील तेव्हा प्रत्येक गाडी पहिल्या चावीला सुरू झाली पाहिजे. म्हणजे चार महिने त्यांच्या बॅटऱ्या जिवंत ठेवायच्या. ते काम माझं.

राहायला गोदामाला लागून खोली आहे. लाल कोबा, दोन जनेलं म्हणजे खिडक्या, स्वतःचा नळ. आल्या आल्या सगळे कोपरे हुंगून बघितले. कसलाही वास नाही. अकराच्या अकरा गाड्या नीट सुरू झाल्या तर ही खोली वर्षभर आपली, असं शेटनी सांगितलंय. बारा ऑगस्टला शालिनी सेजलला घेऊन येणार. तोवर लेक सात महिन्यांची होईल. गणपतीच्या चवथीला तिघं मिळून गावी जाऊ आणि मिळूनच परत येऊ. आणखी काय पाहिजे माणसाला?

गुरुवार, १४ जून

कामाची घडी बसली. प्रत्येक गाडीत दोन बॅटऱ्या असतात, एक इंजिनाची आणि एक आतल्या दिव्या-पंख्यांची. दोन्हींची निगेटिव्ह वायर काढून ठेवली. टर्मिनलवर हिरवा-पांढरा बुरशीसारखा थर धरतो, त्यावर गरम पाण्यात खायचा सोडा कालवून ओतला, ब्रशने घासलं, कोरडं पुसलं आणि व्हॅसलीन लावलं. प्रत्येक बॅटरीची सहा घरं, सहा झाकणं. झाकण उघडून आतल्या प्लेटी बुडतील एवढं डिस्टिल्ड वॉटर, जास्त नाही. मग चार्जर, दहा दिवसांतून एकदा. या हवेत भिंतींनासुद्धा घाम येतो, तेव्हा पुसणं रोजचंच.

बॅटरीचं काम मला आवडतं ते यासाठीच. ॲसिडमध्ये काहीही जगत नाही. किडा नाही, शेवाळ नाही, काही नाही. त्याच्याएवढी स्वच्छ वस्तू जगात नाही, असं मी शालिनीला एकदा म्हणालो तर ती पोट धरून हसली होती. तिला माझी किळस म्हणजे करमणूक. चहावर साय दिसली तर मी कप ठेवून उठतो, हे ती अख्ख्या माहेराला सांगून बसलीय. आता तर लेकीनेही बापाचं नाक घेतलंय म्हणे. वाटीतल्या दुधात सायीचा कण असला तर सेजल नाक मुरडते, जीभ बाहेर काढते आणि घर डोक्यावर घेते. मला मात्र तिची कशाचीच किळस येत नाही. अंगावर ओकली तरी नाही. याचं मलाच नवल वाटतं.

इथला राखवालदार भिकाजी, पेडण्याचाच, साठीच्या पुढचा. माणूस भला, पण तंबाखू खाऊन जिथे थुंकतो तिथे मला नजर टाकवत नाही. आज त्याला एक बाल्दी दिली आणि तिच्यात थुंक म्हणालो. त्याने बाल्दी धुऊन स्वतःच्या घरी नेली.

बुधवार, २० जून

दहा गाड्या गुणी आहेत. सात नंबर नाही.

सायीच्या रंगाची जुनी लांबट गाडी, गोदामाच्या अगदी आतल्या कोपऱ्यात. तिची आतली बॅटरी पलंगाखालच्या पेटीत आहे. गेल्या बुधवारी नीट भरली होती. आज उघडली तर पहिल्या घरात पाणी नाही, प्लेटी उघड्या. बाकीची पाच घरं जशीच्या तशी. तळाशी तडा असेल म्हणून लाकडी फळीवर हात फिरवला. फळी कोरडी ठणठणीत. पाणी भरलं. वास मात्र आला, सडक्या अंड्याचा. जादा चार्ज झालेली बॅटरी तसा वास मारते. त्यात नवीन काही नाही.

गाडीच्या पुढच्या चाकाशी वाळक्या करवंट्या आणि विझलेल्या मेणबत्त्यांची बुडखी पडलीत. पुसून काढावीत असं मनात आलं, पण कोणाचं देवाधर्माचं असलं तर? राहू दिलं.

शुक्रवार, २९ जून

सात नंबर आता दिवसाला अर्धी बाटली पाणी पिते. चार्जर नऊ दिवस लावलेला नाही. मग पाणी जातं कुठे?

आणि वास बदलला. आता अंडं नाही. सकाळी न घासलेल्या तोंडाचा वास येतो, आंबट दूध प्यायलेल्या तोंडाचा. नाकाला फडकं बांधून झाकण काढलं. आतल्या पाण्यावर साय होती.

साय. पिवळट, जाड, मधे सुरकुतलेली. ॲसिडची ताकद मोजायची हायड्रोमीटरची नळी आत घातली तर ती नळीला चिकटून लोंबत वर आली. तिथेच, गाडीच्या पायरीवर ओकलो. भिकाजी लांबून बघत होता. त्याने बाल्दी आणून ठेवली. डोळ्यांत हसत होता.

शनिवार, ७ जुलै

शालिनीचं पत्र आलं. सेजल बसायला शिकली, शिवलेली गोधडी आणणार आहे, इथे मच्छर आहेत का, वगैरे. लेकीने मामाच्या बोटावरची साय बघून असं तोंड केलं की मामाच रडायचा राहिला. पत्र चारदा वाचलं.

दुपारी सात नंबर उघडली. साय पुन्हा आली होती. काडीने बाजूला ओढली तर ती लांबत गेली, तुटेना. तिच्यात केस होते. बारीक, पांढरे, म्हाताऱ्या माणसाचे. ॲसिडमध्ये केस! तिथे केस येणार कुठून?

जेवलो नाही. हात पाचदा साबणाने धुतले तरी वास जात नाही. भाताला येतो, उशीला येतो.

सोमवार, १६ जुलै

गोकुळदासशेटना सांगितलं की ही बॅटरी फेकून नवीन घालू. त्यांनी साफ नकार दिला. सात नंबरचा मालक एक म्हातारा गोरा, नऊ वर्षं एकटाच येत होता. दोन वर्षांपूर्वी गाडी इथे लावली तेव्हा त्याने शेटचे दोन्ही हात धरून सांगितलं होतं की काही झालं तरी हिला पाणी पाजा, कोरडी पडू देऊ नका. तेव्हापासून तो आला नाही. पण दिलेला शब्द तो शब्द, असं शेटचं म्हणणं. मी म्हणालो, शब्द तुमचा आणि ओकाऱ्या माझ्या. ते हसले आणि गेले.

भिकाजी तापाने फणफणलाय. त्याला त्याच्या मुलीकडे कारापूरला पाठवलं. जाताना एवढंच म्हणाला की शुक्रवारी अवस आहे, अमावास्या, राखणदाराला जाड भाकरीचा रोट आणि नारळ ठेव, चुकवू नकोस. हे मला सांगायला नको. आमच्याकडेही प्रत्येक जागेला राखण करणारा देव, राखणदार, असतो आणि त्याचा मान द्यावाच लागतो. नव्या माणसाने तर गाऱ्हाणं घालून आपली ओळख सांगायची असते. मी ते आल्या दिवशीच करायला हवं होतं. कदाचित म्हणूनच ही सगळी पीडा मागे लागलीय.

शुक्रवार, २० जुलै. अवस.

मनावरचं ओझं उतरलं. भर दुपारी गाऱ्हाणं घातलं.

जागा शोधावी लागली नाही. सात नंबरच्या चाकाशी करवंट्या आणि मेणबत्त्या होत्याच, म्हणजे राखणदाराला तिथेच देत असणार. जमीन पुसली, पाववाल्या पदेराकडून आणलेला उंडो आणि खोलीत भाजलेला रोट केळीच्या पानावर ठेवला, नारळ ठेवला, उदबत्ती लावली आणि हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा! मी कृष्णनाथ, पोटासाठी तुझ्या जाग्यात इलंय. माझी बायल शालिनी आणि चेडू सेजल हय येतली. ती तुझीच लेकरां म्हणान मानून घे. तुझ्या पदरात घातलंय. त्यांका तुझ्याजवळ ठेव.”

गाऱ्हाण्याला मागून चार माणसांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. इथे कोण म्हणणार? मी क्षणभर थांबलो. तेवढ्यात गाडीतून, पलंगाखालून, पाणी उकळल्यासारखा आवाज आला. मग शांत.

पान घटकाभरात चाटूनपुसून साफ. उंदीर असतील. असू देत.

बुधवार, २५ जुलै. नागपंचमी.

काय सांगू! वास गेला. सात नंबर पाच दिवस थेंबभर पाणी प्यायली नाही. सायही नाही. बारा पूर्णांक सहा व्होल्ट, हायड्रोमीटरची खूण जिथे हवी तिथे. आज पोटभर जेवलो. खोलीला चुना मारून घेतला आणि पाळण्यासाठी तुळईला कडी ठोकली. गाऱ्हाणं आधीच घातलं असतं तर महिनाभराच्या ओकाऱ्या वाचल्या असत्या.

मंगळवार, ३१ जुलै

शालिनीचं पत्र. नेहमीसारखं नाही.

सेजलला अवसेच्या शुक्रवारपासून तहान लागते. पाणी, दूध, काहीही, किती दिलं तरी पुरत नाही. तोंडाला सडक्या अंड्याचा वास येतो. डॉक्टर म्हणाले पोट बिघडलंय. शालिनीने थट्टेने लिहिलंय की तुमची लेक तुमच्या बॅटरीसारखी वास मारते. आणि आता कसलीच किळस करत नाही. दुधावरची साय ओढून खाते. परवा पायरीवरचं शेवाळ चाटत होती. काल मेलेली पाल तोंडात—

मी पत्र घडी करून ठेवलं. पोट बिघडलं असेल. मुलांचं होतं असं.

ताजा कलम म्हणून तिने लिहिलंय की पहिला दात दिसायला लागलाय.

गुरुवार, २ ऑगस्ट

आज सात नंबर उघडायची नव्हती. उघडली.

दुसऱ्या घराचं झाकण आपोआप वर आलं होतं. आत पाणी नाही, पेजेसारखं दाट काहीतरी. त्यात काडी घातली. काडी कोणीतरी चोखली. ओढली नाही, चोखली. बाहेर काढली तेव्हा टोक भिजून मऊ झालं होतं, लेकीने चघळलेल्या काडीसारखं.

टॉर्च धरली. खाली, प्लेटींच्या मधे, गुलाबी मांस आणि त्यातून नुकताच फुटलेला एक पांढरा दात.

शनिवार, ४ ऑगस्ट

भिकाजी परत आला. बरा झालाय. सात नंबरच्या चाकाशी नारळाची करवंटी ताजी दिसली त्याला. तिथेच खाली बसला.

म्हणाला, “राखणदार भायर आसा मरे, फाटल्यान, त्या कातळार. हांगा भितर कोणाक दिलंस तू?”

मी करवंट्या दाखवल्या, मेणबत्त्या दाखवल्या. तो कपाळाला हात लावून सांगत सुटला. त्या जुन्या करवंट्या त्याच्या नव्हत्याच. त्या म्हाताऱ्या गोऱ्याच्या. भिकाजीला गोदामामागच्या कातळावर रोट ठेवताना बघून गोऱ्यालाही हौस आली. ते लोक बघतील ते करतात. त्याने आपल्या गाडीशीच मांडायला सुरुवात केली, रोज. भिकाजीने दोनदा हटकलं. मांडलेलं पान आणि बोलावणारा माणूस असला की खाणारा कोणीतरी येतोच, तो देवच असतो असं नाही.

मी विचारलं, म्हातारा गेला कधी? भिकाजी म्हणाला, जाताना कोणी बघितलाच नाही.

मग त्याने हळू विचारलं की गाऱ्हाण्यात मी काय बोललो. मी सांगितलं. त्याने एकच विचारलं, नावं घेतलीस?

घेतली. दोघींची घेतली.

रविवार, ५ ऑगस्ट

मारून टाकायचं ठरवलं. ॲसिड मारायचं तर सोडा. दोन किलो सोडा बाल्दीत कालवला आणि सकाळी दहाला दुसऱ्या घरात ओतला.

फेस आला. पिवळा, तंतुमय, आंबट. पेटीतून उतू जाऊन माझ्या पायांवर आला, कोमट. आणि आतून रडण्याचा आवाज आला.

माझ्या लेकीचं रडणं मी हजारांत ओळखेन.

बाल्दी टाकली. ओंजळीने तो फेस बाहेर काढत बसलो. हातांनी. माझ्या हातांनी.

सोमवार, ६ ऑगस्ट

नाक्यावरच्या बूथवरून शालिनीच्या शेजारच्या दुकानात फोन लावला. ती धावत आली. रडत होती. काल सकाळी दहाला सेजलच्या तोंडाला फेस आला. पिवळा. डोळे फिरले. पंधरा मिनिटांनी आपोआप थांबलं.

म्हणजे ती जिवंत राहायची तर हे जिवंत ठेवायला हवं. आणि हे जिवंत राहिलं तर ती—

तिला म्हणालो येऊ नको. ती चिडून म्हणाली, दोडामार्गच्या डॉक्टरला काही कळत नाही, मी रविवारी येणारच, तुमच्याकडे ठेवून म्हापशाला दाखवणार. लेकरू आजारी आणि बाप म्हणतो येऊ नको, असला कसला बाप? कारण काय सांगू? मी काही बोलायच्या आत लाईन तुटली. पुन्हा लागली नाही. पावसाने तारा पडल्यात म्हणे.

बुधवार, ८ ऑगस्ट

भिकाजीबरोबर कातळावर गेलो. खऱ्या राखणदाराला रोट, नारळ, सोड्याची बाटली, विडी, सगळं ठेवलं. कौल मागितला. ओल्या कातळावर दोन पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर तो सोडवणार.

डावी पडली. तीनदा.

भिकाजी म्हणाला, त्याच्या दारात जे दिलं ते तो बघतो. दुसऱ्याच्या दारात दिलेलं त्याच्या हाती नाही. ज्याने गाऱ्हाणं घातलं त्यानेच ते फिरवायचं, त्याच जागी. आणि पदरात घातलेली दोन माणसं काढायची तर पदर रिकामा ठेवता येत नाही.

 मी समजलो. घरी येऊन ओकलो. पोटात काही नव्हतं, नुसतं पिवळं पाणी. त्याला तोच वास.

शुक्रवार, १० ऑगस्ट

भीती वाटते. मरणाची नाही. त्याच्यात जायची. त्या सायीत. 

काही तरी दुसरं सुचेल. दोन दिवस आहेत.

शनिवार, ११ ऑगस्ट

बूथ सुरू झाला. दुकानदार म्हणाला, शालिनी काल रात्रीच भावाकडे म्हापशाला गेली, उद्या सकाळच्या बसने तुमच्याकडे. पोरीने काल शेणातल्या अळ्या खाल्ल्या. खाताना हसत होती.

दुसरं काही सुचलं नाही.

रविवार, १२ ऑगस्ट

सकाळी आठ. आंघोळ केली. धुतलेले कपडे घातले. खोली झाडली. पाळणा टांगला नाही.

भिकाजीला फाटकावर उभं केलंय. सांगितलं, दोघींना आत सोडू नको, काहीही सांग आणि परत बसमध्ये बसव. तो रडतो. म्हातारा माणूस, रडताना नाकातून पाणी. मी त्याला माझा रुमाल दिला.

नऊ. सात नंबरमध्ये बसलोय. पलंगाची फळी उचलली. पेटीच्या मागे म्हाताऱ्याचे कपडे सापडले, नीट घडी घातलेले. वर चष्मा. चष्म्याखाली एका लहान मुलीचा फोटो. म्हणजे त्यानेही हेच—

पहिलं घर त्याचं.

सव्वानऊ. गाऱ्हाणं घातलं. थोडक्यात. “शालिनीक आणि सेजलक सोड. त्यांची नावां परत घेतंय. पदर रिकामो नाय ठेवणा. मी येतंय. कृष्णनाथ.”

थांबलो.

आतून आलं, ‘व्हय’. म्हाताऱ्या, घोगऱ्या, परदेशी आवाजात.

साडेनऊ. दुसऱ्या घरातलं गुलाबी विरलं. दात खाली बसला. पाणी स्वच्छ. देवा.

मग तिसऱ्या घराचं झाकण वर आलं. बोट आत घातलं. जळेल असं वाटलं होतं. कोमट आहे.

पावणेदहा. डाव्या हातावर साय धरलीय. मनगटापर्यंत. ओढली तर सुरकुतते. केस तिच्यातून येतायत, माझेच, काळे.

ओकारी येत नाही. वास येत नाही. हेच भयंकर—

दहा. सकाळी आणलेला चहा गाडीच्या जनेलाशी तसाच होता. वर जाड साय. प्यायलो. सगळा. चांगला लागला.

मला किळस येत नाही. कशाचीच नाही. शालिनी हसेल आता.

सव्वादहा. फाटक. तिचा आवाज. भिकाजीशी भांडतेय. म्हणतेय, माझ्या घोवाचं घर आहे, तू कोण अडवणार? माझी वाघीण. नको ना. नको.

हाक मारायला तोंड उघडलं. फक्त बुडबुडे.

येतेय. छत्री. गोधडीत लेक. सगळ्या गाड्यांच्या मधून शोधत, माझं नाव घेत—

काचेपाशी आली. आतलं अंधारं, तिला नीट दिसत नाही. मला दिसते. सेजल काच चाटतेय. जीभ लावून, हसत. अजून सुटली नाही? मी दिलं ना सगळं. दिलं ना—

सेजलने मला बघितलं.

थांबली चाटायची. बघतेय. नाक—

नाक मुरडलं. मुरडलं! जीभ बाहेर काढली. तोंड वाकडं केलं. ओकली काचेवर, पांढरं, साधं दूध. आणि रडली. रडतेय. आईच्या मानेत तोंड लपवतेय, माझ्याकडे बघवत नाही तिला.

रड गो बाय. जोरात. आणखी जोरात. घर डोक्यावर घे.

माझ्या लेकीला माझी किळस आली. देवा म्हाराजा, आली एकदाची.

शालिनी दाराची कडी शोधतेय. लेकीचं ऐक गो. तिला वास येतोय, माझ्यापेक्षा तिचं नाक— दार नको उघडू. मागे फिर. बस अजून नाक्यावर असेल, मागे फि—